सरदाराने पुणे दरबारास लिहिलेली पत्रे छापताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या पेटीत एका रुमालात बांधलेली सुमारे दीडशे मोडी पत्रे सापडली. १७९० ते १७९२ या काळात टिपू सुलतानावर जी स्वारी झाली, तीत तुमचे पूर्वज पुणे दरबारच्या फौजेत पथक घेऊन होते. ही पत्रे त्यांनी छावणीतून नाना फडणिसांना लिहिली, असे घरात पूर्वापार सांगतात. ती पुस्तकरूपाने छापायची आहेत. भाषा आजच्या वाचकाला कळेल अशी सोपी करावी का, आणि इतर सरदारांविरुद्ध तक्रारी असलेली पत्रे नातेवाईक म्हणतात तशी गाळावीत का, हे तुम्ही विचारले आहे.

दोन्हींची उत्तरे देतो. पण त्याआधी एक प्रश्न आहे, जो तुम्ही विचारलेला नाही आणि ज्यावर बाकी सगळे अवलंबून आहे. पत्रे पुण्याला पाठवली होती, तर ती तुमच्या पेटीत कशी?

जासुदाच्या, म्हणजे पत्रे नेणाऱ्या निरोप्याच्या, हाती दिलेले पत्र पुण्यात पोचले की ते सरकारी दप्तरात जायचे. ते पाठवणाऱ्याच्या घरी राहण्याचे कारण नाही. मग घरी काय राहते? एक तर मसुदा, म्हणजे कारकुनाने आधी लिहून सरदाराला वाचून दाखवलेला कच्चा लेख. किंवा नक्कल, म्हणजे मूळ रवाना करण्यापूर्वी आपल्याकडे ठेवलेली प्रत. किंवा लिहून तयार झाले पण परिस्थिती बदलल्यामुळे गेलेच नाही, असे पत्र. शिवाय पुण्याहून आलेली उत्तरे त्याच रुमालात मिसळलेली असतात. हे चारही कागद दिसायला सारखे, शाई तीच, कागद तोच. छापताना मात्र चौघांची किंमत वेगळी आहे. मसुद्यातले वाक्य नानांनी वाचलेच असेल असे धरून चालता येत नाही.

ओळखायचे कसे, तर मी आधी कागदाची पाठ बघतो. पोचलेल्या पत्राच्या पाठीवर बहुधा घेणाऱ्याच्या कारकुनाने पैवस्तीचा, म्हणजे पत्र पोचल्याचा, शेरा मारलेला असतो: ‘पौ॥’ आणि पुढे चंद्र व महिना. त्या शेऱ्यातून पत्र कधी हाती पडले ते कळते. मग घड्या बघतो. जासुदाने नेलेला कागद बारीक, घट्ट घडीचा असतो आणि त्या घड्यांवर तो झिजतो. मसुद्यात खाडाखोड, ओळींच्या मध्ये घातलेली वाक्ये, समासात वाढवलेला मजकूर दिसतो. नकलेत मायना, म्हणजे सुरुवातीचे नमस्काराचे शब्द, आखडता घेतलेला असतो. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंति’ इतके सगळे परत लिहायला कारकुनाला वेळ नसतो, तो दोन शब्द लिहून सरळ मजकुरावर येतो. तुमच्या दीडशे कागदांपैकी किती कोणत्या जातीचे आहेत, याची यादी होईपर्यंत एकही ओळ छापायच्या तयारीला घेऊ नका.

हे इतके आग्रहाने सांगतो, कारण ही चूक मी केलेली आहे. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका घराण्याची पत्रे लावताना मी एक कागद पाठवलेले पत्र म्हणून क्रमात घातला. त्यात सरदाराने अतिशय कडक शब्दांत लिहिले होते की महिनाभरात खर्चाची तरतूद झाली नाही तर फौज राहणार नाही. त्या वाक्यावर मी प्रस्तावनेत दोन पाने लिहिली. पुढे त्याच तारखेचे, पैवस्तीच्या शेऱ्यासह पोचलेले पत्र दप्तरात मिळाले. त्यात ते वाक्य नव्हते. त्या जागी ‘खर्चाची ओढ फार आहे, स्वामी जाणतच आहेत’ इतकेच होते. म्हणजे माझ्याकडचा कागद मसुदा होता. रागात सांगितलेले वाक्य कोणीतरी, कदाचित सरदारानेच, काढून टाकले होते. दोन्ही कागद शेजारी ठेवले तेव्हा त्या माणसाचा स्वभाव आणि दरबाराशी बोलण्याची त्याची रीत मला पहिल्यांदा कळली. मसुदा टाकाऊ मुळीच नाही. फक्त तो मसुदा आहे हे वाचकाला सांगितले पाहिजे.

म्हणून पुढचे काम म्हणजे जोडीच्या कागदाचा शोध. पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे. त्यातून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडलेले ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले, पण ती निवड आहे. न छापलेले कितीतरी जास्त आहे. तुमच्या स्वारीसाठी त्याहून जवळचे साधन म्हणजे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेच्या पटवर्धनी दप्तरातून छापलेला ऐतिहासिक लेखसंग्रह, कारण त्या स्वारीतले एक मुख्य सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन होते. आधी छापील खंडांत आपले पत्र किंवा त्याचे उत्तर आले आहे का ते बघा. आले असेल तर तुमचा कागद त्याच्याशी ओळीओळीने ताडून बघा आणि फरक टिपा.

आता तारखा. इथे नवशिके सर्वांत जास्त घसरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. या पत्रांत तारीख ‘छ’ म्हणजे चंद्र या खुणेने येते आणि पुढे अरबी महिना असतो: ‘छ २५ रमजान’. वर्ष पुष्कळदा नसतेच. असले तर ते सुहूर सनाचे असते, अरबी संख्याशब्दांत: ‘इहिदे तिसैन मया व अलफ’, म्हणजे ११९१. हे शब्द अरबी, महिनाही अरबी, म्हणून अनेक जण हा हिजरी सन समजतात. तो नव्हे. सुहूर सन मृग नक्षत्र लागते तेव्हा, जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. त्यात डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६०० मिळवले की इसवी सन येतो. त्या वेळी हिजरी सन १२०४ आणि १२०५ चालू होते, म्हणजे दोहोंत तेरा-चौदा वर्षांचा फरक आहे.

गंमत पुढे आहे. वर्ष मृगाचे, म्हणजे सौर; महिने चांद्र. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे एकाच सुहूर सनात काही तिथ्या दोनदा येतात, एकदा वर्षाच्या आरंभी आणि एकदा अखेरीस. वर दिलेलीच तारीख घ्या. सन इहिदे तिसैनात छ २५ रमजान एकदा १७९० च्या ८ जूनच्या सुमारास येतो आणि पुन्हा १७९१ च्या २८ मेच्या सुमारास. पहिल्या तारखेला पुण्यात इंग्रजांशी तह होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि फौजा निघायच्या होत्या. दुसऱ्या तारखेच्या आसपास हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ यांच्या फौजा श्रीरंगपट्टणाजवळ इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसला येऊन मिळाल्या, आणि उपासमारीने मोडकळीला आलेल्या इंग्रजी छावणीला मराठ्यांच्या बाजारातून धान्य मिळाले. एकच तारीख, आणि मध्ये जवळजवळ अख्खी मोहीम. कागद कोणत्या बाजूचा हे जंत्री, म्हणजे तारखा जुळवून देणारे कोष्टक, सांगू शकत नाही. ते मुक्कामाचे गाव सांगते, मजकुरातला पाऊस सांगतो, धारवाडचा उल्लेख सांगतो. धारवाडचा वेढा १७९० च्या सप्टेंबरपासून १७९१ च्या एप्रिलपर्यंत चालला. किल्ला हाती आल्याचे ज्या पत्रात गृहीत धरले आहे ते त्याआधीचे असू शकत नाही.

तेव्हा प्रत्येक पत्रावर मूळ तारीख जशीच्या तशी छापा, तिच्याखाली तुम्ही काढलेली इसवी तारीख द्या, आणि ती कशावरून काढली ते एका ओळीत सांगा. वर्ष अंदाजाने घातले असेल तर चौकटी कंसात घाला. चंद्रदर्शनामुळे एखाद्या दिवसाचा फरक पडतो, त्याची फिकीर करू नका. पत्र लिहिल्याची आणि पोचल्याची अशा दोन्ही तारखा मिळाल्या तर दोन्ही छापा. सरदाराने मागितलेली कुमक का आली नाही, या प्रश्नाचे उत्तर कधी कधी त्या दोन तारखांच्या मधल्या दिवसांतच असते.

आता तुमचा पहिला प्रश्न, भाषा सोपी करण्याचा. माझे उत्तर स्पष्ट आहे: पत्राच्या अंगात हात घालू नका. बालबोधीत, म्हणजे देवनागरीत, उतरवा, पण शब्द तेच ठेवा. जेरेड स्पार्क्स या अमेरिकन संपादकाने १८३४ ते १८३७ या काळात जॉर्ज वॉशिंग्टनची पत्रे बारा खंडांत छापली. फार मोठे काम. पण सेनापतीला शोभेल अशी भाषा असावी म्हणून त्याने काही ठिकाणी शब्द बदलले. वॉशिंग्टनने एका सहकाऱ्याचा उल्लेख ‘ओल्ड पुट’ असा घरगुती नावाने केला होता, तिथे स्पार्क्सने ‘जनरल पुटनम’ केले. पुढे मूळ कागदांशी ताडणी झाली, बोभाटा झाला, आणि त्या बारा खंडांतल्या प्रत्येक ओळीवर संशय आला. एका शब्दाची सभ्यता किती महागात पडते ते यातून दिसते. आपल्या पत्रांत तर बोलीचाच जीव आहे. ‘दाणावैरण मिळेना, घोडी पडली, शिलेदार धरणे घेऊन बसले’ या वाक्याचे ‘अन्नधान्य व चाऱ्याची टंचाई निर्माण झाली असून सैनिकांत असंतोष आहे’ असे केले की छावणी नाहीशी होते आणि कचेरी उरते.

वाचकाची सोय मात्र करायलाच हवी, ती पत्राबाहेर. पत्राच्या वर तीन-चार ओळींत आजच्या मराठीत सारांश द्या. शेवटी शब्दार्थ द्या: नालबंदी, रोजमुरा, तलब, बारगीर, लमाण, पुरवणी. विरामचिन्हे मोडीत नसतात आणि शब्दही सलग लिहिलेले असतात. शब्द तोडणे आणि पूर्णविराम देणे ही तुमची भर आहे, ती करा, पण केली आहे असे प्रस्तावनेत लिहा. शब्द कुठे तोडला यावर अर्थ फिरतो, म्हणून शंकेच्या जागी तळटीप हवी. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो, तेव्हा इकार-उकार आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे केले तर मला त्यात गैर वाटत नाही. काही संपादक इथे माझ्याशी सहमत होणार नाहीत. एकच पद्धत ठरवून ती पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत पाळा, म्हणजे झाले.

एक सापळा सांगून ठेवतो. ‘॥’ ही खूण शब्दाच्या संक्षेपाला येते, जसे मुक्कामाचे ‘मु॥’. तीच खूण आकड्यापुढे आली की अर्ध्याची असते: ‘१२॥’ म्हणजे साडेबारा. एका हिशेबी पुरवणीत मी सहकाऱ्याने उतरवलेली बेरीज तीनदा करून बघितली, जुळेना; सगळे अर्धे रुपये त्याने विरामाचे दंड समजून सोडून दिले होते. पत्राबरोबर हिशेबाची याद असेल तर बेरीज करून बघा. ती जुळली तर वाचन बरोबर आल्याची याहून चांगली खात्री नाही.

दुसरा प्रश्न, तक्रारींची पत्रे गाळण्याचा. नातेवाइकांची भावना मी समजू शकतो. पूर्वजाने दुसऱ्या सरदाराला भित्रा म्हटले, किंवा स्वतः वेळेवर पोचला नाही आणि त्याची कारणे देत बसला, हे चारचौघांत छापावे असे कोणाला वाटेल? पण याच पत्रांसाठी लोक तुमचे पुस्तक उघडणार आहेत. विजयाची बातमी पाच ठिकाणी सापडते. कोणाच्या पथकाला रोजमुरा, म्हणजे पगार, मिळाला नाही, कोणी रसद अडवली, कोणाचे कोणाशी बोलणे बंद होते, हे फक्त अशा पत्रांत असते.

इंग्रज सेनापती वेलिंग्टनची लष्करी पत्रे, ज्यात मराठ्यांशी झालेल्या असईच्या लढाईच्या काळातली पत्रेही आहेत, कर्नल गुरवुड याने १८३४ पासून छापली. त्यात अनेक माणसांची नावे गाळून त्या जागी नुसत्या रेघा होत्या. तेव्हा ती माणसे किंवा त्यांची मुले हयात होती, म्हणून ते समजण्यासारखे आहे. तुमच्या पत्रांतल्या माणसांना जाऊन दोनशे वर्षे झाली. तुमच्यासमोर ती अडचण नाही.

आणि इथे मला थोडे कठीणही बोलले पाहिजे. १७९१ साली याच स्वारीत परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला. त्यानंतर टिपूने स्वामींना लिहिलेली पत्रे मठात जपलेली होती आणि ती विसाव्या शतकात उजेडात आली. तुमच्या कागदांत या प्रसंगाचे एखादे वाक्य निघाले, तर ते अमोल आहे, मग ते समर्थनाचे असो, खेदाचे असो की अंग काढून घेण्याचे. ते गाळले तर दुसऱ्या बाजूचे कागद राहतातच, फक्त आपल्या बाजूचा साक्षीदार गप्प होतो. कागद कसरीने खाल्ला म्हणून मजकूर गेला तर टिंबे द्या. पण तुम्ही स्वतः गाळलेल्या मजकुराला तीच टिंबे देणे, याला मी लबाडी म्हणतो. जागा किंवा पैसा कमी पडत असेल तर पत्रे कमी छापा, मात्र न छापलेल्या प्रत्येक पत्राची तारीख आणि विषय यादीत द्या.

गाळू नका म्हणतो याचा अर्थ पत्रातले सगळे खरे माना असा नाही. सरकारास लिहिलेले पत्र काहीतरी मिळवण्यासाठी किंवा काहीतरी टाळण्यासाठी लिहिलेले असते. पैसा मागणारा सरदार फौज उपाशी आहे असे लिहितोच. ती खरोखर उपाशी असली तरी तेच लिहितो आणि नसली तरी तेच. फरक कळायचा तर दुसरा कागद लागतो: त्याच महिन्याचा ताळेबंद, शेजारच्या पथकाच्या सरदाराचे पत्र, किंवा परक्याचे लिखाण. तुमच्या स्वारीत धारवाडच्या वेढ्याला मुंबईहून आलेली कॅप्टन लिटलची इंग्रजी तुकडी होती, आणि तिच्यातल्या एडवर्ड मूर या अधिकाऱ्याने त्या मोहिमेचा वृत्तांत १७९४ साली लंडनला छापला. त्याचे आपले पूर्वग्रह आहेत, पण नानांकडून त्याला पैसा काढायचा नव्हता. तुमचे पत्र वेढ्यातल्या ज्या दिवसाबद्दल बोलते, त्या दिवसाबद्दल मूर काय म्हणतो ते तळटिपेत द्या. कोण खरा हे प्रत्येक वेळी ठरवायची घाई करू नका.

त्याचबरोबर नानांकडून आलेली उत्तरे रुमालात असतील, तर ती परिशिष्टात ढकलू नका. ज्या पत्राचे उत्तर आहे त्याच्या लगेच पुढे लावा. एकतर्फी छापलेल्या पत्रांत सरदार सतत ओरडतो आणि सरकार सतत मुके राहते, आणि वाचकाची खोटी समजूत होते की पुण्यात कोणी ऐकतच नव्हते.

नावांची सूची करताना सावध राहा. ‘नाना’ आणि ‘बाळाजी जनार्दन’ एकच. ‘तात्या’ या पत्रांत बहुधा हरिपंत फडके. ‘भाऊ’ इथे परशुरामभाऊ, पानिपतच्या पत्रांत सदाशिवराव. पुण्याचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ‘मालीट’ म्हणून भेटतो. घरातल्या घरात तर दोन पिढ्यांत एकच नाव फिरते. सूचीला पंधरा दिवस लागतील असे वाटत असेल तर दोन महिने धरा.

किती मोठे पुस्तक करायचे, मूळ पत्रांची छायाचित्रे सगळी द्यायची की निवडक, हे तुमच्या पैशावर आणि हेतूवर अवलंबून आहे. घराण्याची आठवण म्हणून शंभर प्रती काढायच्या असतील तर सारांश आणि निवडक चाळीस पत्रे पुरतील. अभ्यासकांनी आधार म्हणून वापरावे असे वाटत असेल तर सगळी पत्रे, टिपा आणि सूची लागेल, आणि मोडी चांगले वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून स्वतंत्र वाचन करून घ्यावे लागेल. त्याला तुमचे वाचन आधी दाखवू नका, नाहीतर तोही तेच वाचेल. दोन वाचनांत जिथे फरक पडेल, तिथेच खरे काम आहे.

कागदांवर तुमच्याबरोबर चुलतभावंडांचाही हक्क असेल तर सर्वांची लेखी संमती आधी घ्या. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची हस्तलिखिते १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत, हेही घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. आणि कृपा करून फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नका. ती काही वर्षांत पिवळी पडते आणि शाईसकट निघते.

सुरुवात कुठून करायची, तर रुमाल सोडताना कागद ज्या क्रमाने बांधलेले आहेत तो क्रम मोडू नका. तो क्रम तुमच्या पूर्वजाच्या कारकुनाचा असू शकतो, आणि तारीख नसलेले पत्र कोणत्या दोन पत्रांच्या मध्ये होते हे फक्त त्यावरूनच कळेल. वरपासून एकेक कागद उचला, मागे शिसपेन्सिलीने हलका क्रमांक घाला, दर्शनी बाजू आणि पाठ अशा दोन्हींचे छायाचित्र घ्या, मग पुढचा उचला. पाठ कोरी असली तरी तिचेही छायाचित्र घ्या.